विद्यापीठातील चोवीस तासांची हॅकेथॉन : नावनोंदणीपासून सादरीकरणापर्यंत

शनिवारी सकाळी अकराला सुरू होणारी, रविवारी सकाळी अकराला संपणारी आणि दुपारी परीक्षण उरकून संध्याकाळच्या गाडीने सर्वांना घरी सोडणारी हॅकेथॉन हा आता विद्यापीठांच्या संगणकशास्त्र विभागांतला आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतला नेहमीचा कार्यक्रम झाला आहे. ठरलेल्या तासांत संघाने एखाद्या प्रश्नावर चालणारा प्रोग्राम बनवायचा आणि तो परीक्षकांना दाखवायचा, अशी ही स्पर्धा असते. हा प्रकार मुळात विद्यार्थ्यांचा नव्हता. जून १९९९ मध्ये कॅनडातील कॅलगरी येथे ओपनबीएसडी या संगणक प्रणालीवर काम करणारे दहा प्रोग्रामर एकत्र बसले आणि त्या बैठकीपासून हे नाव रूढ होत गेले. पुढे २००९ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी ‘पेनॲप्स’ सुरू केली आणि विद्यार्थ्यांनीच भरवलेल्या हॅकेथॉनची प्रथा पडली. आपल्याकडे २०१७ पासून होणाऱ्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमुळे हा शब्द तालुक्याच्या गावातील महाविद्यालयांपर्यंत पोहोचला. सहा जणांचा संघ, त्यात किमान एक विद्यार्थिनी आणि सॉफ्टवेअर गटासाठी ३६ तासांची अंतिम फेरी हे तिचे स्वरूप बहुतेकांना ठाऊक असते. त्या स्पर्धेसाठी महाविद्यालयाला आधी स्वतःच्या आवारात निवडफेरी घ्यावी लागत असल्याने, एरवी या वाटेला न जाणारी मुलेमुलीही एखाद्या शनिवारी प्रयोगशाळेत येऊन बसतात. हा लेख अशाच, पहिल्यांदा भाग घेणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे.

पुढचे सर्व टप्पे वाचताना एक हिशेब मनात असू द्यावा. चोवीस तासांपैकी प्रत्यक्ष प्रोग्रामिंगसाठी दहा-बारा तासांहून अधिक वेळ क्वचितच मिळतो. उद्घाटनाची भाषणे, जेवणाच्या रांगा, मार्गदर्शकांच्या फेऱ्या, थोडी झोप, मध्येच बसणारे वायफाय आणि सादरीकरणाची तयारी यांत बाकीचा वेळ जातो. म्हणूनच काय करायचे यापेक्षा काय करायचे नाही, हे ज्या संघाने शनिवारी दुपारपर्यंत ठरवले, त्याचेच काम रविवारी परीक्षकांसमोर चालताना दिसते.

नियमपत्रक आणि नावनोंदणी

अनस्टॉप किंवा डेव्हफोलिओ यांसारख्या संकेतस्थळांवर, नाहीतर महाविद्यालयाच्या स्वतःच्या अर्जावर नावनोंदणी होते. नियमपत्रक संघातील प्रत्येकाने स्वतः वाचावे, कारण ‘एकाने वाचले, बाकीच्यांना सांगितले’ या पद्धतीत नेमके महत्त्वाचे कलम गळते. संघात किती जण चालतात, वेगवेगळ्या महाविद्यालयांतील विद्यार्थी एकत्र येऊ शकतात का, आधी लिहिलेला कोड वापरता येतो का, सर्वांसाठी खुल्या असलेल्या लायब्ररी (इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड) चालतात का, कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरण्यास मुभा आहे का आणि तयार झालेल्या कामाची मालकी कोणाकडे राहते, एवढ्या प्रश्नांची उत्तरे सापडली पाहिजेत. एखादे उत्तर सापडले नाही, तर आयोजकांना लेखी विचारून ठेवावे. मालकीचे कलम विशेषतः प्रायोजक कंपनीने दिलेल्या विषयांवर काम करताना बारकाईने वाचावे.

गुणांची विभागणी जाहीर केलेली असेल तर ती कागदावर उतरवून टेबलावर चिकटवावी. नावीन्य, तांत्रिक अवघडपणा, उपयुक्तता आणि सादरीकरण यांना किती गुण आहेत, यावर रात्री दोन वाजता कोणते काम आधी हाती घ्यायचे ते ठरते.

शुल्काबाबत माझे मत स्पष्ट आहे. जेवणखाण आणि राहण्यापुरते माफक शुल्क समजण्यासारखे आहे, परंतु भरपूर शुल्क घेऊन ‘सर्वांना प्रमाणपत्र’ एवढेच मोठ्या अक्षरांत छापणाऱ्या आणि परीक्षकांबद्दल अवाक्षर न काढणाऱ्या स्पर्धेत दोन दिवस घालवण्यापेक्षा तो वेळ अभ्यासाला द्यावा. दुसऱ्या गावाहून येणाऱ्यांनी मुक्कामाची व्यवस्था, रात्री आवाराचे दरवाजे कधी बंद होतात आणि वसतिगृहाचे परवानगीपत्र लागते का, याची चौकशी आधीच करावी. मुलींच्या वसतिगृहांतून रात्रभर बाहेर राहण्यासाठी पालकांचे आणि विभागप्रमुखांचे पत्र बहुधा लागते आणि शुक्रवारी संध्याकाळी पाचनंतर सही करणारे कोणी भेटत नाही. ओळखपत्र मूळ प्रतीसह जवळ ठेवावे.

संघ कसा जमवावा

चार जणांचा संघ मला सर्वांत सोयीचा वाटतो. सहा जणांचा नियम असेल तर दोघांना संशोधन, नमुना माहिती आणि सादरीकरण यांची जबाबदारी पहिल्या मिनिटापासून द्यावी, नाहीतर सहापैकी दोघे रात्रभर बाकीच्यांच्या पडद्याकडे पाहत बसतात. वर्गातील सर्वांत हुशार चार जण एकत्र आले की संघ चांगला होतो, हा समज फारसा खरा नाही. एकाला सर्व्हर आणि माहितीसाठा हाताळता यावा, एकाला पडद्यावर दिसणारा भाग नीट बांधता यावा, एकाने लोकांशी बोलून प्रश्न समजून घ्यावा आणि शेवटी तो मांडावा, तर एकाने सगळे जुळवून चालवण्याची जबाबदारी घ्यावी. वाणिज्य, कृषी किंवा समाजकार्य शाखेचा विद्यार्थी नियमात बसत असेल, तर त्याला किंवा तिला आवर्जून सोबत घ्यावे. प्रश्नाची खरी माहिती अनेकदा त्यांच्याकडेच असते.

भांडण होण्याची एक हमखास जागा म्हणजे निर्णय. दोन मते पडली आणि दहा मिनिटांत एकमत झाले नाही, तर शेवटचा शब्द कोणाचा, हे शुक्रवारीच ठरवून ठेवावे.

निघण्यापूर्वी लॅपटॉपवर करायची कामे

आवारातील वायफाय शंभर-दोनशे जण एकदम जोडले गेले की दम तोडते, हे गृहीत धरूनच तयारी करावी. जी प्रोग्रामिंगची भाषा, जी चौकट (फ्रेमवर्क) वापरायची आहे ती घरीच डाउनलोड करून, तिच्यात एक रिकामा प्रकल्प चालवून पाहावा. वेबपानांसाठी रिॲक्ट किंवा नेक्स्ट वापरणार असाल तर सर्व पॅकेजेस एकदा बसवून घ्यावीत, डॉकर वापरणार असाल तर लागणाऱ्या इमेज, म्हणजे प्रोग्राम चालवण्याचे तयार संच, आधीच उतरवाव्यात, मोबाइल ॲपसाठी फ्लटर वापरणार असाल तर अँड्रॉइडची सगळी साधने आणि एक खरा फोन जोडून तपासावा, कारण फ्लटरची पहिली बांधणी करण्यातच अख्खी दुपार गेलेले संघ दर वेळी दिसतात. नियमांना हे मान्य आहे का, ते मात्र पाहावे. साधने बसवणे सर्वत्र चालते, प्रकल्पाचा कोड आधी लिहिणे बहुतेक ठिकाणी चालत नाही.

संघाचा कोड एकत्र ठेवण्याचे संकेतस्थळ म्हणजे गिटहब; त्याचे खाते प्रत्येकाच्या लॅपटॉपवर चालू आहे का, हे प्रत्यक्ष एक बदल वर चढवून तपासावे. ऑगस्ट २०२१ पासून गिटहब कमांड लाइनवरून साधा पासवर्ड स्वीकारत नाही, त्यासाठी टोकन (पासवर्डऐवजी वापरायची गुप्त अक्षरमाला) किंवा एसएसएच की लागते. जे एरवी संकेतस्थळावरूनच फायली चढवतात त्यांना हे ऐन वेळी कळते. शिवाय काही आवारांच्या जाळ्यात २२ क्रमांकाचे पोर्ट बंद असते आणि तिथे एसएसएच चालत नाही, म्हणून एचटीटीपीएसचा मार्गही तयार ठेवावा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे असलेले फोन हॉटस्पॉटसाठी संघात असावेत.

सामानात चार्जर, थ्री-पिनचा एक्स्टेन्शन बोर्ड, प्रोजेक्टरला जोडायचा एचडीएमआयचा जोड, चादर, टूथब्रश, नेहमीची औषधे आणि कागद-पेन असावे. शक्य तेवढ्या वस्तूंवर नाव लिहावे, कारण काळे चार्जर सगळे सारखेच दिसतात.

समस्या कशी निवडावी

इथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे, कारण बहुतेक संघ इथेच चुकतात. विषयपत्रिकेवर ‘शिक्षण’, ‘आरोग्य’, ‘शेती’, ‘स्मार्ट शहर’ असे मोठाले शब्द असतात आणि ते पाहून ‘शेतकऱ्यांसाठी सर्वसमावेशक व्यासपीठ’ अशी काहीतरी कल्पना निघते, ज्यात हवामान, बाजारभाव, रोगनिदान, कर्ज आणि गप्पा मारणारा बॉट असे पाच विभाग असतात आणि पाचही अर्धवट राहतात. ज्या माणसाला हे वापरायचे आहे त्याच्याशी संघातील कोणीही बोललेले नसते. परीक्षकांना हे पहिल्याच प्रश्नात समजते.

त्यापेक्षा विद्यापीठाच्या फाटकाबाहेर चालत जाऊन ज्याच्याशी बोलता येईल अशा माणसाचा एक प्रश्न घ्यावा. पुण्यासारख्या शहरात आवाराभोवती डझनभर मेस असतात, तेव्हा उदाहरणादाखल मेसचे खाडे घेऊ. रात्रीच्या जेवणाला किती पाने होणार, हे चालवणाऱ्या काकूंना नक्की ठाऊक नसते, अन्न उरते किंवा कमी पडते आणि महिनाअखेरीस ‘माझे सहा खाडे होते’, ‘वहीत चारच आहेत’ असा वाद होतो. आता संघातील दोघांनी जाऊन विचारावे, “काकू, खाडा किती वाजेपर्यंत सांगितलेला चालतो?” असे विचारले की उत्तर साधारण या धर्तीचे येते, “चारपर्यंत सांगितलंत तर कणीक कमी भिजवीन, सातला सांगून काय उपयोग रे बाळांनो?” या एका वाक्यात निम्मा आराखडा मिळतो. चार वाजण्याची मर्यादा का आहे ते कळते, काकूंना हवा असलेला आकडा एकच आहे हे कळते आणि त्यांचे दोन्ही हात कणकेत असताना त्या लॉग-इन करणार नाहीत हेही कळते.

एवढे कळल्यावर कागदावर तीन ओळी लिहाव्यात. विद्यार्थी फोनवरून खाडा नोंदवतो. चारनंतर त्या दिवसाचा खाडा घेतला जात नाही. काकूंच्या भिंतीवरील जुन्या फोनवर ‘आज रात्री ४३ पाने’ एवढेच मोठ्या अक्षरांत दिसते. चौथी ओळ, महिन्याच्या खाड्यांची बेरीज, वेळ उरला तरच. त्याखाली दुसरी यादी लिहावी आणि तीच अधिक मोलाची आहे. ऑनलाइन पैसे भरणे नाही, जेवणाला तारे देणे नाही, नकाशावर मेस शोधणे नाही, उद्या किती जण येतील याचे भाकीत करणारे मॉडेल नाही. मॉडेलच्या बाबतीत मोह आवरणे सर्वांत कठीण जाते. पण ज्या मेसची मागच्या महिन्याचीसुद्धा नोंद संगणकात नाही, तिच्या भाकितासाठी माहिती आणणार कुठून, असा प्रश्न परीक्षक विचारतातच आणि बनावट आकड्यांवर शिकवलेल्या मॉडेलचे समर्थन करता येत नाही.

निवडलेला विषय जिथे सार्वजनिक माहितीवर उभा राहतो, तिथे ती माहिती शनिवारी अकराच्या आधी हाती असावी. बाजारभावांसाठी ॲगमार्कनेट आणि इतर सरकारी माहितीसंचांसाठी केंद्र सरकारचे खुल्या माहितीचे संकेतस्थळ आहे. मराठी भाषेवर काम असेल तर पुण्यातील एल३क्यूब गटाने खुली केलेली मराठी मॉडेल्स, आयआयटी मद्रासमधील एआय४भारत गटाचे भारतीय भाषांवरील काम आणि केंद्र सरकारची भाषिणी ही भाषांतराची सेवा यांचा विचार करता येतो. मात्र यांपैकी काही ठिकाणी नोंदणी करून परवाना-की घ्यावी लागते, तेव्हा ती आधीच घेऊन ठेवावी.

पहिले सहा तास

अकरा वाजता घंटा झाली की कोणीही कोड उघडू नये. पहिला तासभर फळ्यावर किंवा कागदावर पडदे काढावेत, माहितीसाठ्यातील तक्ते ठरवावेत आणि दोन भागांमध्ये नेमकी कोणती माहिती कोणत्या नावाने जाईल ते लिहून काढावे. एकाने ‘तारीख’ म्हणून पाठवलेला रकाना दुसऱ्याने ‘दिनांक’ म्हणून वाचला की मध्यरात्री तासभर जातो.

साधने निवडताना नवीन काही शिकण्याची हौस बाजूला ठेवावी. ज्याला फ्लास्क ही पायथॉनची चौकट येते त्याने फ्लास्कच वापरावे, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर चालत असेल तर मोठा डेटाबेस आणू नये. खाड्यांच्या उदाहरणात विद्यार्थी साहजिकच म्हणतात की व्हॉट्सॲपवर संदेश पाठवून नोंद व्हावी. परंतु व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक जोडणीसाठी खात्याची पडताळणी वगैरे सोपस्कार करावे लागतात आणि ते एका शनिवार-रविवारात उरकतील याचा भरवसा नसतो. टेलिग्रामवर मात्र बॉटफादर या टेलिग्रामच्याच बॉटकडून काही मिनिटांत टोकन मिळून बॉट चालू होतो. म्हणून नमुना टेलिग्रामवर करावा आणि पुढे व्हॉट्सॲपवर न्यायचा विचार आहे, असे परीक्षकांना सरळ सांगावे.

संध्याकाळी पाचपर्यंतचे लक्ष्य एकच ठेवावे. एका फोनवरून पाठवलेला ‘खाडा’ सर्व्हरवर पोहोचला, माहितीसाठ्यात नोंदवला गेला आणि दुसऱ्या फोनवरच्या आकड्यातून एक वजा झाला, एवढी एक साखळी टोकापासून टोकापर्यंत चालली पाहिजे. तिला रंग नसला, अक्षरे ओबडधोबड असली, चुकीच्या संदेशावर ती कोलमडत असली तरी हरकत नाही. त्याच वेळी हे सर्व लॅपटॉपवरून उचलून इंटरनेटवरील सर्व्हरवर चढवून पाहावे. सर्व्हरवर चढवण्याचे काम रविवारी सकाळसाठी राखून ठेवणारे संघ प्रत्येक स्पर्धेत असतात आणि अकराला दहा कमी असताना ते कुठल्यातरी न बसलेल्या पॅकेजशी झटत असतात.

संध्याकाळी मार्गदर्शकांची पहिली फेरी येते. त्यांना कल्पना ऐकवण्यात दहा मिनिटे घालवू नयेत. चालणारी साखळी दाखवावी आणि अडलेला एक नेमका प्रश्न विचारावा. मार्गदर्शक अनेकदा ‘यात हेही घाला’ असे सुचवतात. ते नम्रपणे लिहून घ्यावे, पण वगळायच्या यादीतले काही परत आत येत असेल तर संघाने आपापसांत बोलल्याशिवाय ते स्वीकारू नये.

रात्रीचे काम आणि रात्रीचे घोळ

रात्री आठ ते दोन हा कामाचा सर्वांत सलग वेळ असतो. कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनाच्या मुख्य शाखेवर सर्वांनी थेट लिहू नये. प्रत्येकाने आपापल्या शाखेत लहान लहान बदल नोंदवावेत आणि जुळवणीचे काम एकानेच करावे. टोकन आणि पासवर्ड वेगळ्या एन्व्ह फायलीत ठेवून ती फाइल गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फायलींच्या यादीत, पहिल्याच तासात घालावी. एकदा टोकन गिटहबवरील सार्वजनिक भांडारात (रिपॉझिटरीत) गेले की नंतर फाइल पुसून भागत नाही, कारण ते गिटच्या इतिहासात राहते. अशा वेळी ते टोकन रद्द करून नवे घ्यावे.

खाड्यांच्या प्रकल्पात रात्री हमखास निघणारा एक घोळ थोडा तपशिलाने सांगतो, कारण वेळेशी संबंधित कुठल्याही प्रकल्पाला तो लागू आहे. लॅपटॉपचे घड्याळ भारतीय वेळेवर असते, त्यामुळे चार वाजण्याची मर्यादा लॅपटॉपवर बरोबर चालते. भाड्याच्या किंवा मोफत सर्व्हरचे घड्याळ मात्र बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. तोच कोड तिथे गेला की ‘चार’ म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे साडेनऊ होतात आणि पंगत उठून गेल्यावरही खाडा घेतला जातो. उलट रात्री एक वाजता कोणी ‘आजचा’ खाडा नोंदवला, तर सर्व्हरवर अजून कालचीच तारीख असल्याने तो आदल्या दिवशी पडतो. साठवताना वेळ यूटीसीमध्येच ठेवावी, मात्र मर्यादा आणि तारीख ठरवताना ‘एशिया/कोलकाता’ हा कालविभाग स्पष्ट नमूद करावा आणि चारला पाच कमी, चारला पाच मिनिटे जास्त व मध्यरात्रीनंतरचा एक, अशा तीन वेळा मुद्दाम देऊन तपासून पाहावे.

मराठीत चालणाऱ्या प्रकल्पाचे आणखी काही खाचखळगे आहेत. विद्यार्थी ‘खाडा’ असे देवनागरीत क्वचितच लिहितात, बहुतेक जण तोच शब्द रोमन लिपीत, दोन-तीन प्रकारच्या स्पेलिंगने लिहितात. तेव्हा शब्द ओळखण्यात डोके घालण्यापेक्षा बॉटमध्ये दोन बटणे द्यावीत. कोणी ‘२’ असा देवनागरी अंक पाठवला तर पायथॉन भाषेतील इंट हे फंक्शन त्याचे दोन करते, जावास्क्रिप्ट भाषेतील नंबर हे फंक्शन मात्र ‘ही संख्या नाही’ असे उत्तर देते. महिन्याचा हिशेब पीडीएफमध्ये द्यायचा असेल तर आधी एक ओळ छापून पाहावी. पीडीएफ तयार करणाऱ्या अनेक लोकप्रिय लायब्ररी देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळवत नाहीत आणि ‘श्रीकृष्ण’ या नावाचे तुकडे होऊन वेलांट्या भलत्याच अक्षरावर जातात. पान एचटीएमएलमध्ये बनवून ब्राउझरच्या छपाईतूनच पीडीएफ काढली की हा प्रश्न बहुतेक सुटतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना मुभा असेल तर ठोकळेबाज कोड, चाचण्या आणि त्रुटिसंदेशांचा अर्थ यांसाठी ती जरूर वापरावीत. मात्र भांडारात असलेली प्रत्येक फाइल संघातील किमान एकाला परीक्षकांसमोर समजावून सांगता आली पाहिजे. ‘ती फाइल त्यानेच लिहून दिली’ हे उत्तर नियमात बसत असले तरी गुण घालवते.

झोपेच्या बाबतीत शूरपणा दाखवण्यात अर्थ नाही. दोघांनी एक ते चार आणि दोघांनी चार ते सात झोपावे, निदान सादरीकरण करणाऱ्या व्यक्तीला तरी तीन-चार तास सलग मिळावेत. पहाटे तीनला झोपेच्या गुंगीत केलेले बदल सकाळी उलटवण्यात जास्त वेळ जातो. रात्रीच्या चहाला कोणी नाही म्हणू नये, पण चौथ्या कपाने काम पुढे सरकत नाही.

रविवारी सकाळ

आठ वाजता नवीन काम बंद करावे. त्यानंतर फक्त दुरुस्त्या, नमुना माहिती आणि सादरीकरण. नमुना माहिती म्हणून ‘टेस्ट१’, ‘अबक’ अशा नोंदी ठेवू नयेत. चाळीस-पन्नास काल्पनिक नावांचे विद्यार्थी, महिनाभराचे विखुरलेले खाडे आणि एखादा सणाचा दिवस असे चित्र उभे करावे, म्हणजे आकडे खरे वाटतात. खऱ्या मित्रांची नावे आणि मोबाइल क्रमांक त्यांच्या संमतीशिवाय पडद्यावर आणू नयेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे आणि माहिती कुठे ठेवता, किती दिवस ठेवता, असे परीक्षक आता विचारू लागले आहेत.

प्रात्यक्षिकाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ साडेआठलाच चित्रित करून लॅपटॉपवर ठेवावा, कारण सादरीकरणाच्या खोलीत वायफाय मिळेलच असे नाही. रीडमी फाइलमध्ये प्रश्न काय, चालवायचे कसे, कोणत्या बाहेरच्या लायब्ररी वापरल्या आणि कोणता परवाना दिला, एवढे असावे. अंतिम अर्ज साडेदहाला भरून मोकळे व्हावे. भरण्यापूर्वी ब्राउझरच्या खासगी खिडकीत सर्व दुवे उघडून पाहावेत, म्हणजे भांडार खासगीच राहिले आहे किंवा व्हिडिओ पाहायला परवानगी मागतो आहे, हे परीक्षकांच्या आधी आपल्याला कळते. मोफत सर्व्हर काही वेळ कोणी न वापरल्यास झोपी जातात आणि पहिल्या विनंतीला उठायला अर्धा-एक मिनिट घेतात. आपला क्रमांक येण्याच्या पाच मिनिटे आधी कोणीतरी तो उघडून जागा करून ठेवावा.

परीक्षकांसमोर

तीन ते पाच मिनिटे मिळतात. त्यांतले पहिले मिनिट संघाची ओळख, महाविद्यालयाचे नाव आणि ‘आजच्या डिजिटल युगात’ यांत घालवू नये. दुपारी चारला कणीक भिजवणाऱ्या बाईला रात्री किती पाने हे ठाऊक नसते, इथून सुरुवात करावी आणि मिनिट संपण्याआधी फोनवरून खाडा पाठवून आकडा कमी होताना दाखवावा. एकाने बोलावे, दुसऱ्याने पडदा हाताळावा. ब्राउझरची अक्षरे दीडपट मोठी करावीत, सूचना बंद ठेवाव्यात. जिथे काही नकली आहे, उदाहरणार्थ टेलिग्राम आहे आणि व्हॉट्सॲप नाही, तिथे आपणहून सांगावे. विचारल्यावर कबूल करण्यापेक्षा ते बरे दिसते. मराठीत बोलले तर चालेल का, हे परीक्षकांना विचारायला संकोच करू नये. मोडक्या इंग्रजीपेक्षा नेमकी मराठी कधीही चांगली.

‘हे तर गुगल फॉर्मनेही होईल’ हा प्रश्न येणारच. त्यावर तंत्रज्ञानाची नावे फेकू नयेत. फॉर्ममध्ये नोंदी जमतात हे मान्य करावे, पण चारला नोंद आपोआप बंद होणे, बाहेरगावी गेलेल्याचा आठवड्याचा खाडा एकदम पडणे आणि काकूंनी काहीही न उघडता आकडा समोर दिसणे, हा फरक प्रत्यक्ष करून दाखवावा. ‘पन्नास मेस झाल्या तर?’ या प्रश्नाला आज एकच मेस गृहीत आहे आणि तक्त्यात मेसचा एक रकाना वाढवावा लागेल, असे खरे उत्तर पुरते. उत्तर माहीत नसेल तर तपासले नाही म्हणून सांगावे. दोघांनी एकाच वेळी उत्तर देऊ नये आणि सहकाऱ्याचे वाक्य सर्वांसमोर दुरुस्त करू नये.

निकालानंतर

बक्षीस मिळो न मिळो, परीक्षकांपैकी एकाला गाठून कोणता भाग कमी पडला ते विचारावे आणि त्याच वेळी लिहून ठेवावे. सोमवारी वापरलेली सर्व टोकने रद्द करावीत, कार्ड जोडून घेतलेल्या क्लाउड सेवा बंद कराव्यात आणि चाचणीसाठी कोणाचे क्रमांक साठवले असतील तर पुसावेत. प्रवासखर्च मिळणार असेल तर मूळ तिकिटे आणि संघप्रमुखाच्या बँक खात्याचा तपशील त्याच आठवड्यात द्यावा, नंतर कागद मागे पडतात. प्रकल्प पुढे न्यायचा असेल तर आधी एका मेसमध्ये पंधरा दिवस वहीच्या बरोबरीने चालवून पाहावा आणि महिनाअखेरीस वहीतले खाडे व फोनवरचे खाडे जुळतात का ते तपासावे. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनच्या निवडफेरीत किंवा नोकरीच्या मुलाखतीत सांगण्यासारखे जे काही असेल, ते त्या पंधरा दिवसांतून निघेल.